सातारा जिल्ह्याचा समुद्रकिनारा

उदयसिंहची केशरी होडी सध्या त्याच्या वडिलांच्या गोठ्यात आहे. तिच्यात पेंड कालवतात. जिथे बसून उदयसिंह गळ टाकणार होता तिथे एक मुऱ्हा म्हैस तोंड घालते, आणि मासे ठेवायच्या कप्प्यात मिठाचा खडा असतो. तर शेवट असा झाला.

आता हे झालेलंच नाही असं धरून चालायचं. उदयसिंहने स्वतः तसंच धरलेलं आहे. कुणी विचारलं तर ‘होडी गावाकडं ठेवलीय’ एवढंच तो सांगतो, आणि त्यात एक अक्षरही खोटं नाही. तेव्हा म्हैस विसरा. होडी अजून दुकानात आहे, उदयसिंह साताऱ्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर आहे, रविवार आहे, आणि त्याच्या मोबाईलवर नुकताच एक फोटो येऊन पडलेला आहे.

फोटो ऋषिराजचा होता. ऋषिराज म्हणजे उदयसिंहचा चुलतभाऊ. धरण झालं तेव्हा यांचं गाव पाण्याखाली गेलं. थोरले लालासाहेब, म्हणजे उदयसिंहचे वडील, त्याचे आबा, धरणाच्या वरच्या टेकाडावर नव्या गावठाणात राहिले. धाकटे नानासो बदली जमीन घेऊन सांगली जिल्ह्यात विट्याजवळ गेले. तिकडची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर जातात, तसा नानासोंचा ऋषिराज केरळात गेला. इथवर उदयसिंहची काही तक्रार नव्हती. माणसाने सोनं गाळावं, इनोव्हा घ्यावी, गावच्या जत्रेला मोठी देणगी द्यावी आणि बोर्डावर नाव लावून घ्यावं. पण ऋषिराजने कयाक घेतली. कयाक म्हणजे एका माणसाने पाय लांब करून बसायची आणि दोन्हीकडे पान असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. तिच्यात बसून तो सकाळी समुद्रात मासे धरायला जाऊ लागला आणि ‘आपली माणसं’ या घरच्या ग्रुपवर फोटो टाकू लागला.

या फोटोत पांढरी वाळू होती, नारळ होते, निळी कयाक होती आणि ऋषिराजच्या हातात त्याच्या मांडीएवढा मासा होता.

“सुरमई आहे,” क्रांती म्हणाली. क्रांती ही उदयसिंहची बायको. तिने तोवर फोटोला लाल बदाम देऊनही टाकला होता.

उदयसिंहने फोटो मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा केला. “मासा मेलेला दिसतोय,” तो म्हणाला.

“मग काय जिवंतपणी पोज देईल?”

बदाम त्याने सोसला. सोसण्याची त्याला सवय होती. तो एका सहकारी बँकेत वसुली विभागात होता. पण तेवढ्यात त्या फोटोखाली आणखी एक ओळ उमटली, आणि ती मात्र त्याला सोसेना. लालासाहेबांनी लिहिलं होतं : शाब्बास.

पुढे पूर्णविरामही दिला होता.

ही शाब्बास काय चीज आहे हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल. लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे शाब्बास हा शब्द दारूगोळ्यासारखा होता. मोजून मिळायचा आणि उगाच उडवायचा नाही. त्यांनी ती एकदा चिखलातून उसाची गाडी ओढणाऱ्या बैलाला दिली होती. एकदा गॅसच्या टेम्पोवाल्याला, तो अरुंद बोळातून उलटा टेम्पो घेऊन आला म्हणून. एकदा टीव्हीवरच्या एका बॉलरला, तोही ऑस्ट्रेलियाचा. उदयसिंहला डिस्टिंक्शन मिळालं तेव्हा ते ‘बरं’ म्हणाले. बँकेत लागला तेव्हा ‘पेन्शन हाय का?’ असं विचारून, नाही म्हटल्यावर, ‘मग ऱ्हाऊ दे’ म्हणाले, जणू तो नोकरी परत करणार होता. लग्नात त्याने तलवार सरळ धरली होती. त्याबद्दलही काही नाही.

आणि आता एका मेलेल्या माशावर.

त्या भरात उदयसिंहने ग्रुपवर लिहिलं : ‘छान. आपल्याकडेही मस्त बीच आहे. आम्हीही कयाक घेतोय.’ लिहिताना त्याला वाटलं होतं की हे वाक्य इतर वाक्यांसारखं वर सरकून निघून जाईल. पण ऋषिराज हा अत्यंत चांगला मुलगा होता, आणि चांगल्या मुलांना वेळकाळ नसतो. त्याने लगेच उत्तर दिलं : ‘दादा!! भारी! जत्रेला येतोच आहे. तुझ्या बीचवरनं मिळून उतरू.’ खाली लालासाहेबांनी लिहिलं : बघू.

लालासाहेबांच्या कोशात ‘बघू’चा नंबर शाब्बासच्या खालोखाल होता. उदयसिंह सोफ्यावर उठून बसला. आयुष्यात प्रथमच तो इतका जवळ पोचला होता. मध्ये फक्त एक समुद्रकिनारा कमी होता, आणि सातारा जिल्ह्यात समुद्र नाही ही गोष्ट त्याने शाळेत स्वतः नकाशात रंगवलेली होती.

कयाक आली. किंमत त्याने घरात सांगितली नाही, म्हणून इथेही सांगत नाही. ती लिफ्टमध्ये मावेना. जिन्याच्या वळणावर तिने पहिल्या मजल्यावरच्या तुळशीची कुंडी पाडली. शेवटी ती पार्किंगमध्ये उभी केली, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या सगळ्यांनी तिच्यावर हात फिरवून पाहिला.

सोसायटीचे सेक्रेटरी भाऊसो हे सल्ला द्यायला कधी मागे नसतात. “उदयराव, तुम्ही असं करा, सरळ महाबळेश्वरला जा,” ते म्हणाले. “वेण्णा लेकला बोटी मिळतात. पायडलच्या. शेजारी भाजलेला मका पण मिळतो.”

“अहो, मला मासे धरायचेत.”

“मका खाऊन बघा आधी.”

दुसरे एक काका म्हणाले, शिरवळच्या पुढे हायवेच्या कडेला एक शेततळं आहे, मालक ओळखीचा आहे. तिसऱ्याने होडीला नंबर प्लेट लागते का याची चौकशी केली. भाऊसोंनी जाता जाता नियम सांगितला की पार्किंगमध्ये सोसायटीने फक्त वाहनं मान्य केलीत; चाकं नसतील तर ते अतिक्रमण धरलं जाईल. तेव्हा शनिवारी उदयसिंहने होडी दोरखंडाने गाडीच्या टपावर बांधली आणि गावाकडे निघाला. वाटेत मेढ्याच्या फाट्यावर एका म्हातारीने त्या होडीकडे बघून हात जोडले. कुणाची तरी अंत्ययात्रा असावी असं तिला वाटलं असणार.

गावाच्या खाली धरणाचं पाणी पसरलेलं होतं, मोठं, निळं, आणि उदयसिंहच्या मते ऋषिराजच्या समुद्रापेक्षा कुठेही कमी नसलेलं. फक्त उतरायला जागा ठरवायची होती. ऋषिराजने न विचारता फोन करून कानमंत्र दिला होता : “दादा, जागा निवडताना तीन गोष्टी बघ. तळ कडक पाहिजे, उतार हळू पाहिजे आणि वारा पाठीला नको. बाकी तू करशीलच.”

हे ‘बाकी तू करशीलच’ उदयसिंहला फार लागलं. धाकट्याने थोरल्याला असा विश्वास दाखवणं म्हणजे उद्धटपणाचा कळसच.

आधी परवानगी घ्यावी म्हणून तो पाटबंधारेच्या शाखेत गेला. तिथल्या साहेबांनी त्याचा अर्ज पाहिला आणि चष्मा पुसला.

“विषय काय लिहिलाय तुम्ही? बीच निश्चित करणेबाबत?”

“हो.”

“धरणाला बीच नसतो. धरणाला संपादित क्षेत्र असतं.”

“मग संपादित क्षेत्रावरून होडी उतरवायची आहे.”

“होडी म्हणजे वाहतूक. वाहतूक आमच्याकडं येत नाही.”

“मासे धरायचेत.”

“मासे मच्छीमार संस्थेचे. त्यांनी ठेका घेतलाय.”

“मग तुमच्याकडं काय येतं?”

“पाणी,” साहेब म्हणाले. “पण तुम्ही पाणी मागत नाही आहात.” आणि त्यांनी अर्जावर ‘मोघम’ असा शेरा मारून तो परत केला. उदयसिंह बाहेर आला तेव्हा हिशोब असा होता : मासे संस्थेचे, पाणी सरकारचं, जमीन संपादित, आणि त्याच्या नावावर फक्त वारा. तोही पाठीला नको होता.

तरी संस्थेचा माणूस भला निघाला. गळाने किती धरशील ते धर, म्हणाला. बघायला आमी येऊ.

पहिली जागा त्याने देवळाखालची निवडली. उतार हळू होता. पण तिथे शेतीपंपांचे पाईप पाण्यात गेलेले होते, काळे, जाड, एकावर एक, आणि त्यांच्यामधून वाट काढताना होडीच्या बुडाने कुणाचा तरी पाईप सांध्यातून निखळवला. पाण्याचं असं कारंजं उडालं की वरच्या शेतातून एकाच वेळी तीन माणसं हातातलं टाकून पळत आली. त्यांनी उदयसिंहला ओळखलं, सुभेदारांचा पोरगा म्हणून मारलं नाही, पण पाईप बसेपर्यंत सांधा त्याच्याकडूनच धरून घेतला. संध्याकाळी घरी लालासाहेब म्हणाले, “आज समुद्राला लाटा लय हुत्या म्हणं.”

दुसरी जागा मात्र देखणी होती. गावापासून थोडी लांब, पाणी नुकतंच मागे हटून उघडी पडलेली, मऊ, तपकिरी, जराशी वाळूसारखी. कोपऱ्यातून फोटो काढला तर नारळ सोडून सगळं होतं. उदयसिंहने तिथे एक बांबू रोवला, त्याला क्रांतीची जुनी लाल ओढणी बांधली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : ‘जागा निश्चित.’ ऋषिराजने टाळ्या पाठवल्या. क्रांतीने अंगठा पाठवला. बदाम नव्हे, अंगठा; आणि सोबत ‘माझी ओढणी?’ असा प्रश्न. लालासाहेबांनी काहीच लिहिलं नाही, पण फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. त्या खुणांकडे उदयसिंह बराच वेळ पाहत होता.

पुढच्या शनिवारी तो होडी घेऊन गेला तर बांबू जागेवर होता आणि धरण नव्हतं. म्हणजे होतं, पण चांगलं एखाद्या फुटबॉलच्या मैदानाएवढं पुढे गेलं होतं. त्याने बांबू उपटून पाण्याच्या कडेला रोवला. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. त्याच्याही पुढच्या शनिवारी त्याच्या समुद्रकिनाऱ्यावर कोथिंबीर उगवलेली होती.

कोथिंबीर चंद्राबाईंची होती. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी उतरू लागलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर गावातली माणसं पीक घेतात, गाळपेर म्हणतात. पाणी मागे हटेल तशी माणसं पुढे सरकतात. चंद्राबाई ओढणीचा बांबू बुजगावणं म्हणून वापरत होत्या, आणि तो लावल्याबद्दल त्यांनी उदयसिंहचे आभार मानले.

“चंद्राकाकू, मला इथून होडी न्यायची आहे.”

“न्हे की दादा. होडीला पंख हायत का?”

“म्हणजे?”

“म्हंजी कोथमिरीवरनं उडत गेली तर ने. खालनं न्हेलीस तर मी सुभेदारांस्नी सांगीन. आणि हे वाफं माझं, पुढचं वाफं माझ्या जावंचं, तिच्याशी माझं बोलणं न्हाई. तिला इचारायला तू जा.”

उदयसिंह शाखेत गेला आणि साहेबांना विचारलं की पाणी इतकं भराभर कुठे जातंय. आता तो पाणी मागत होता, त्यामुळे साहेब मोकळेपणाने बोलले. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी पट्टी ठेवली. “इथून सोडलं की नदीत. नदीतून खाली. मग पंपांनी उचलायचं, टप्प्याटप्प्याने वर चढवायचं, आणि पूर्वेकडं, दुष्काळी भागात. खानापूर, आटपाडी... हे बघा, विट्याच्या बाजूला.”

“विट्याच्या बाजूला,” उदयसिंह म्हणाला.

“हो. तिकडं डाळिंबं फार सुंदर आलीत यंदा.”

नानासोंची डाळिंबंही सुंदर आली होती. फोटो ग्रुपवर होता. त्यालाही क्रांतीचा बदाम होता. उदयसिंहने नकाशावरची ती निळी रेघ बोटाने शेवटपर्यंत फिरवून पाहिली. त्याचा समुद्रकिनारा, त्याने स्वतः निवडलेला, ओढणी बांधलेला, दर आठवड्याला सरकारी विजेवर उचलून ऋषिराजच्या बापाच्या झाडांना घातला जात होता. मत्सराची बरीच रूपं त्याने आजवर पाहिली होती, पण पाटबंधारे खात्याने मंजूर केलेलं हे पहिलंच.

त्या रात्री जेवताना त्याने क्रांतीला ती निळी रेघ सांगितली. क्रांतीने भाकरी वाढली. “अहो, सरळ सांगून टाका ना भाऊजींना. जागा मिळाली नाही म्हणून.”

“आबा काय म्हणतील?”

“काहीच म्हणणार नाहीत. ते कधी म्हणतात?”

“तेच तर,” उदयसिंह म्हणाला, आणि क्रांतीने त्याच्याकडे पाहून भाकरीवर आणखी थोडं तूप घातलं. कीव आल्यावर ती तूप घालते, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे तूप त्याला गोड लागलं नाही. पण खाल्लं.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा लालासाहेबांनी आपणहून त्याला हाक मारली. “उदय, चल रं. जागा दावतो.”

वडिलांनी आपणहून जागा दाखवावी हे इतकं अनपेक्षित होतं की तो चपला उलट्या घालून निघाला. लालासाहेब काठी टेकत गावाच्या पश्चिमेला उतरले. पाणी यंदा फारच खाली गेलं होतं. जुन्या शिवारातली जमीन उघडी पडू लागली होती. कुठे विहिरीचं तोंड, कुठे पाण्यातून वर आलेला आंब्याचा काळा बुंधा. एका ठिकाणी ते थांबले आणि काठी जमिनीत खुपसली. काठी गेली नाही. तळ कडक होता. उतार हळू होता. वारा समोरून होता.

“हे आपलं वावर,” लालासाहेब म्हणाले.

उदयसिंह जन्मल्यापासून हे वावर पाण्याखाली होतं. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ऐकलं मात्र भरपूर होतं, कारण लालासाहेब आणि नानासो यांच्यात याच वावराच्या बांधावरून वाद होता. वाटणीनंतर नानासोंनी बांध चार हात आत सरकवला असं लालासाहेबांचं म्हणणं. बांध जिथे होता तिथेच आहे असं नानासोंचं म्हणणं. मोजणी मागवली त्याच वर्षी धरणाचं पाणी आलं, आणि दोन्ही पक्षांसह बांध बुडाला. पक्ष वर आले; बांध खाली राहिला. वाद मात्र अजून चालू होता. दोघे भाऊ जत्रेत शेजारी बसत, एका ताटात हात घालत, आणि प्रसाद संपला की एकजण म्हणे, ‘चार हात.’ दुसरा म्हणे, ‘एक बोट न्हाई.’ वावरावरून कटला माशाची पिल्लं पोहत होती याने दोघांनाही फरक पडत नव्हता.

“इथनं उतर,” लालासाहेब म्हणाले. “आपल्या जागंतनं उतर. कुणाच्या बापाला इचारायचं काम न्हाई.” मग थोडं थांबून, “नाना पण येतोय नव्हं?”

“येतायत.”

“येऊ दे.”

हे ‘येऊ दे’ उदयसिंहच्या लक्षात यायला हवं होतं. पण तो तेव्हा आनंदात होता. त्याने दोन दिवस रजा काढली, दगड वेचले, चिखलावर गोणपाटं अंथरली, आणि होडी पाण्यापर्यंत ओढायला अशी छान वाट केली की चंद्राबाईंनी तिच्यावर वाळवण घालायची परवानगी मागितली. ही जागा मात्र खरोखर त्याने तयार केली होती. ती पाहून त्याला स्वतःबद्दल जे वाटलं ते बँकेत कधी वाटलं नव्हतं.

जत्रेच्या सकाळी सगळे खाली आले. ऋषिराज पांढऱ्या टीशर्टात होता. उन्हाने काळवंडलेला, दात चमकत असलेला, आणि खांदे असे, की उदयसिंहने नकळत श्वास आत घेऊन पोट सपाट केलं आणि ते तसंच धरून ठेवल्यामुळे पहिली पाच-दहा वाक्यं त्याला बोलता आली नाहीत.

“दादा, काय जागा काढलीस!” ऋषिराजने खाली बसून तळ चाचपला. “कडक. एकदम कडक. आमच्याकडं असली जागा नाही, आईशप्पथ.”

तो मनापासून म्हणत होता. उदयसिंहला त्याच्यात एखादा तरी खोटा धागा सापडला असता तर किती बरं झालं असतं.

मागे फेटा बांधलेले लालासाहेब आणि टोपी घातलेले नानासो उभे होते. नानासोंनी जागा ओळखली होती. ते बांधाबद्दल काही बोलले नाहीत, फक्त दूरवर पाण्यात कुठेतरी बघत म्हणाले, “त्या बुंध्याच्या रेषंत हुता.”

“चार हात अलीकडं,” लालासाहेब म्हणाले.

“एक बोट न्हाई.”

“दादा, तू आधी,” ऋषिराज म्हणाला. “तुझा बीच आहे.”

उदयसिंह आधी गेला. याबद्दल थोडक्यात सांगणं बरं. होडीत बसेपर्यंत सगळं नीट होतं. बसल्यावर त्याने वल्हं उजवीकडे मारलं तेव्हा होडी उजवीकडे वळली, डावीकडे मारलं तेव्हाही उजवीकडेच वळली. मग ती गोल फिरू लागली. दुसऱ्या फेरीत त्याला काठावरचे लोक दिसले, त्यात मोबाईल धरलेली क्रांती होती. तिसऱ्या फेरीत वडील दिसले, त्यांचा चेहरा संचलन पाहताना असावा तसा होता. चौथ्या फेरीत गळाची दोरी त्याच्या स्वतःच्या कॉलरला अडकली. ती सोडवायला तो मागे वळला आणि होडीनेही वळायचं ठरवलं.

पाणी कमरेइतकं होतं. तो उभा राहिला. एक बूट खालीच राहिला.

“लागलं नाही ना?” ऋषिराज पाण्यात धावत आला. त्याने उदयसिंहचा हात धरला, होडी सरळ केली, बूटही शोधून दिला. “पहिल्यांदा माझं पण असंच झालेलं. दादा, मी एक चक्कर मारून दाखवू? तू वल्हं बघ फक्त.”

आणि तो बसला. होडी, जी उदयसिंहच्या हाताखाली रेड्यासारखी वागली होती, ती पाण्यावरून अशी निघाली की काठावर कुणीतरी ‘वा’ म्हटलं. उदयसिंहने वळून पाहिलं नाही, पण आवाज क्रांतीचा होता. ऋषिराज सरळ आत गेला, बुंध्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत फिरला, वेग घेतला, आणि पाण्याच्या मधोमध, जिथे काहीही दिसत नव्हतं, तिथे खाडकन थांबला.

होडीचं टोक वर उचललं गेलं. ऋषिराज पुढे फेकला गेला, सावरला, आणि आश्चर्याने खाली उतरला. पाणी त्याच्या घोट्याइतकं होतं. तो दोन पावलं डावीकडे गेला, दोन उजवीकडे. “दगड आहेत!” तो ओरडला. “ओळीने लावलेत! पार लांबपर्यंत!”

काठावरचे सगळे पाण्याच्या कडेला आले.

मग लालासाहेबांच्या हातातून काठी पडली. ते सरळ पाण्यात उतरले, धोतर, फेटा, सगळ्यासकट. बुंध्याकडे पाहिलं, ऋषिराजच्या पायांकडे पाहिलं, आणि हात पसरून मोजू लागले. मोजायची गरज नव्हती. काठावरून सरळ दिसत होतं. बांध बुंध्याच्या रेषेत नव्हता. चांगला अलीकडे होता.

“नाना!” लालासाहेबांचा आवाज पलीकडच्या डोंगरावर आदळून परत आला. “बघ! कुनी दावला बघ! तुझ्याच पोरानं दावला!”

“पान्यानं सरकला असंल,” नानासो क्षीणपणे म्हणाले.

“दगडाचा बांध पान्यानं सरकतुय व्हय रं? उलटा? चढाला?”

नानासोंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पोटच्या पोराने, हसत हसत, केरळात शिकलेल्या कलेने, बापाचा आयुष्यभराचा दावा बुडवला होता. ऋषिराजला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो बांधावर उभा राहून हात हलवत होता.

लालासाहेब त्याच्यापर्यंत पोचले. त्यांनी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, छाती भरून घेतली, आणि अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शाब्बास! शाब्बास रं पठ्ठ्या!”

दोनदा.

उदयसिंह एका बुटात पुढे सरकला. “आबा,” तो म्हणाला, “जागा मी तयार केली. होडी माझी आहे. मी जर इथून उतरायचं ठरवलंच नसतं, तर तो बांधाला थडकलाच नसता.”

लालासाहेबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. भिजलेला शर्ट, कॉलरला लटकणारा गळ, हातात दुसरा बूट. त्यांना खरोखरच काहीतरी वाटलं असावं, कारण ते थोडे थांबले.

“व्हय,” ते म्हणाले. “बरं.”

मग ते नानासोंना बांध दाखवायला हाताला धरून पाण्यात घेऊन गेले. क्रांती टॉवेल घेऊन आली. तिने उदयसिंहच्या कॉलरचा गळ सोडवला, केसांतलं शेवाळ काढलं आणि म्हणाली, “माझ्या मते तुम्ही खरंच छान फिरवली. गोल, पण छान.” त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. ती हसत नव्हती. पण लाल बदाम आणि हा टॉवेल यांच्यात किती अंतर आहे याचा हिशोब करायच्या मनःस्थितीत तो नव्हता, कारण त्याच्या डोक्यात एक मसुदा तयार होऊ लागला होता. सोमवारी बँकेत, जेवणाच्या सुट्टीत, त्याने तो बँकेच्याच कोऱ्या कागदावर उतरवला आणि टपालाने गावी पाठवला.

*प्रति,*
*मा. तलाठीसाहेब यांस,*

*विषय : शाबासकीची वारसनोंद होऊन मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझे वडील श्री. लालासाहेब यांनी जत्रेच्या दिवशी, जुन्या शिवारात, पंचांसमक्ष दोन शाबासक्या दिल्या असून त्या नजरचुकीने माझे चुलतबंधू श्री. ऋषिराज नानासो यांचे नावे पडलेल्या आहेत. सदर शाबासक्या वडिलोपार्जित असून मी त्यांचा एकुलता एक वारस आहे. त्या ज्या जागी देण्यात आल्या ती जागा मी स्वतः निवडून, साफ करून, गोणपाट अंथरून तयार केली होती व तिची वहिवाट माझी आहे. सबब स्थळपाहणी करून दोन्ही शाबासक्यांचा फेरफार माझे नावे मंजूर करावा. दोन्ही शक्य नसल्यास किमान एकीची तरी फोड करून मिळावी.*

*तसेच श्री. ऋषिराज यांचे नाव इतर हक्कातही ठेवू नये. तो मुलगा चांगला आहे; त्याची काही हरकत येणार नाही.*

*कळावे,*
*आपला विश्वासू,*
*उदयसिंह लालासाहेब*